बुद्धिबळातला राष्ट्रीय विजेता नक्की कसा ठरतो?

मागच्या मे महिन्यात माझी भाची पुण्याहून एक रेटिंग स्पर्धा खेळून महाराष्ट्र एक्स्प्रेसने सकाळी भुसावळला उतरली. नऊ डाव खेळली होती. चार जिंकले, एक बरोबरीत, चार हरली. घरी आल्यावर आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, “काय व्हयनं व माय? जिकनी का हारनी?” भाची म्हणाली, “निम्मे गुण आले आजी, पण रेटिंग बारानं उतरलं.” आजीने माझ्याकडे पाहिलं. जिंकले तितकेच हरले, मग उतरलं काय? मी म्हटलं, सांगतो सावकाश. खरं तर ते सांगायला बराच वेळ लागतो, आणि चुलीवर बट्ट्या होत्या. म्हणून इथे लिहितोय.

आमच्याकडे पोरगं जरा बरं खेळायला लागलं की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग राष्ट्रीय चॅम्पियन कधी होणार? जणू राष्ट्रीय स्पर्धा ही दहावीची परीक्षा आहे, वय झालं की बसायचं. प्रत्यक्षात त्या एका चषकाच्या मागे तीन वेगवेगळे हिशेब चालू असतात. एक रेटिंगचा, एक स्पर्धेतल्या गुणांचा आणि एक किताबांचा. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की आपला गोंधळ होतो. पेपरातही बऱ्याचदा होतो.

आधी रेटिंग. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांनी ही पद्धत बसवली आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना साधी आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतला फरक पाहून आधीच सांगायचं की शंभर डाव झाले तर कोणाला किती गुण मिळतील. फरक शून्य असेल तर निम्मे निम्मे. फरक १०० असेल तर वरच्याला साधारण ६४, २०० असेल तर ७६, आणि ४०० असेल तर ९२. हे झालं भाकीत. मग डाव होतो. भाकितापेक्षा जास्त मिळवलं तर रेटिंग चढतं, कमी मिळवलं तर उतरतं.

आता भाचीचं गणित. तिचं रेटिंग १४८०. पुण्यात तिला भेटलेल्या नऊ जणांपैकी काही तिच्याहून वरचे होते, पण खालचे जास्त होते. प्रत्येक डावाचं भाकीत काढून बेरीज केली तर ती आली ४.८. म्हणजे तिच्याकडून ४.८ गुणांची अपेक्षा होती आणि तिने आणले ४.५, जिंकल्याचे चार आणि बरोबरीचा अर्धा. कमी पडले ०.३. तिच्या वयाला हा फरक ४० ने गुणतात. झाले बारा. आजीला एका वाक्यात सांगायचं तर, पोरगी हरली नाही, उधारीत राहिली.

हे ४० कुठून आलं? बैलजोडी नवी आणली की पहिल्या दोन-चार दिवसांत तिच्याबद्दलचं आपलं मत भराभर बदलतं. जुनी जोडी एखाद्या दिवशी अडली तर आपण म्हणतो, असेल काहीतरी. तसंच इथे. नव्या खेळाडूला पहिल्या ३० डावांपर्यंत ४०, आणि १८ वर्षांखालच्यांना २३०० च्या आत असेपर्यंत ४०. बाकीच्यांना २०. एकदा २४०० गाठलं की पुढे कायम १०. म्हणून लहान पोरांचे आकडे हिंदोळ्यासारखे वरखाली होतात आणि ग्रँडमास्टरचा आकडा मुंगीच्या पावलाने हलतो. पोराचं रेटिंग एका स्पर्धेत ८० ने पडलं म्हणून त्याला क्लासमधून काढणाऱ्या पालकांना हे कोणीतरी सांगायला हवं. मी सांगून पाहिलंय.

यात एक मेख आहे, आणि ती भारतात जास्त टोचते. गावोगावी पोरं घरी मोबाईलवर, यूट्यूबवर, क्लासमध्ये तयार होतात. ताकद वाढते, पण रेटिंगचे डाव वर्षाला दोन-तीन स्पर्धांपुरतेच, कारण स्पर्धा पुण्या-मुंबईला आणि सुट्टी मे महिन्यात. म्हणजे पोरगं खेळतं १७०० च्या तोडीचं आणि नावापुढे आकडा १४००. समोर बसलेला १७०० वाला काका हरतो आणि त्याचे गुण फुकट जातात. असे हजारो झाले की खालची सगळी आकडेवारीच घसरते. शेवटी १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच उचललं. २००० ला जितकं कमी, त्याच्या ४० टक्के भर. १००० वाला थेट १४०० वर, १५०० वाला १७०० वर. आणि १४०० च्या खाली रेटिंगच नाही असा नियम केला. तेव्हा पुष्कळ घरांत पेढे वाटले गेले. पोराने काही केलं नव्हतं, पण पेढे चांगले होते.

दुसरा हिशेब स्पर्धेचा. दोनशे खेळाडू, नऊ फेऱ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर एकेकाचे १९९ डाव होतील, पावसाळा लागेल. हरला तो बाद असं केलं तर निम्मी पोरं पहिल्याच दिवशी परतीच्या गाडीत. मग काय करतात? आपल्या यात्रेतली कुस्त्यांची दंगल आठवा. फडात पंच जोड लावतात. रेवड्यांवरची कुस्ती पोराची पोराशी, शेवटची मानाची कुस्ती मल्लाची मल्लाशी. जिंकलेला वर सरकतो, त्याला त्याच्या तोडीचा मिळतो. बुद्धिबळात याला स्विस पद्धत म्हणतात. १८९५ मध्ये ती पहिल्यांदा झुरिकमध्ये वापरली, म्हणून स्विस. फरक इतकाच की इथे हरलेला घरी जात नाही. त्याला हरलेला मिळतो. प्रत्येक फेरीत समान गुणवाल्यांची गाठ पडते.

पहिल्या फेरीत मात्र सगळेच शून्यावर असतात. तेव्हा रेटिंगप्रमाणे यादी लावतात आणि ती मधोमध मोडतात. पहिला विरुद्ध एकशे एकवा, दुसरा विरुद्ध एकशे दोनावा. त्यामुळे पारोळ्याहून, शहाद्याहून पहिल्यांदाच आलेल्या पोराला पहिल्या डावात हमखास कोणीतरी मोठा भेटतो. पालक म्हणतात, ड्रॉ वाईट लागला. यात चिठ्ठ्या टाकायचा प्रकारच नसतो. यादी मोडल्यावर जे व्हायचं तेच होतं.

नऊ फेऱ्यांनंतर दोघा-तिघांचे गुण सारखे होतातच. तेव्हा बघतात, कोणाचे विरोधक तगडे होते. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांचे गुण मिळवायचे. ज्याची बेरीज जास्त तो वर. याचं नाव बुकोल्झ. यातून एक गंमत होते. पहिली फेरी हरून मग सलग जिंकत आलेला खेळाडू खालच्या गल्लीतून वर आलेला असतो, त्याचे विरोधक हलके, बेरीज कमी. शेवटी गुण सारखे असूनही तो मागे. खेळाडू अशाला पाणबुडी म्हणतात. त्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत पहिल्या टेबलावर असलेल्या आणि पुढे धापा टाकत राहिलेल्याचा नंबर कधीकधी वर लागतो. मला हे पूर्ण न्याय्य वाटत नाही, पण याहून बरं अजून कोणाला सुचलेलं नाही.

भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रात एलुरूला झाली. तिचे विजेते दोन: डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे. दोघेही संयुक्त विजेते म्हणून नोंदले गेले. आजच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण सारखे झाले तर संगणक बेरीज काढतो आणि एकाच्याच हातात चषक जातो.

या सगळ्या आकडेमोडीत एक गोष्ट हरवू नये की डाव लाकडी पटावर दोन माणसं खेळतात. भाचीचा पुण्यातला चौथा पराभव मी काचेच्या दाराबाहेरून पाहिला. दोन तास झाले होते. डाव बरोबरीचा होता, कदाचित तिच्याकडे थोडा झुकलेला. दीड तासाचं घड्याळ, प्रत्येक खेळीला ३० सेकंद जास्त, आणि तिच्याकडे अजून अकरा मिनिटं. तिने उंटाला बोट लावलं. उचलला नाही, नुसतं बोट टेकवलं आणि मग हात मागे घेऊन ओठ चावला. समोरचा मुलगा चौदा-पंधराचा असेल. त्याने शांतपणे घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले, वाकले, दोघांना विचारलं. भाचीने खोटं सांगितलं नाही. स्पर्श केलेली सोंगटी खेळावीच लागते. सोंगटी नुसती चौकोनात नीट करायची असेल तर आधी तसं बोलून दाखवावं लागतं, मग हात लावायचा. उंटाला जायला चार घरं होती आणि चारही वाईट. त्यातलं कमी वाईट तिने निवडलं, आणि त्यानंतर बाविसाव्या मिनिटाला तिने राजा आडवा केला, म्हणजे डाव सोडला. खेळींच्या कागदावर त्या जागी पेन इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. तो कागद आजही तिच्या कंपासमध्ये आहे. फोन वाजला तर डाव जातो, नियमबाह्य खेळी दोनदा केली तर डाव जातो, हे सगळं पुस्तकात वाचून कळतं. उंटाचं मात्र तिला पुण्यातच कळायचं होतं.

आता तिसरा हिशेब, आणि हाच सगळ्यात कमी समजलेला. राष्ट्रीय विजेता आणि ग्रँडमास्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय विजेतेपद वर्षाचं असतं, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातं. ग्रँडमास्टर हा किताब आयुष्यभराचा. त्यासाठी दोन अटी. रेटिंग कधीतरी एकदा २५०० ला टेकलं पाहिजे, आणि तीन नॉर्म पाहिजेत. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेपुरती २६०० च्या तोडीची कामगिरी. किमान नऊ डाव, समोरच्यांत किमान तीन ग्रँडमास्टर, आणि विरोधक वेगवेगळ्या देशांचे. सरासरी २३८० च्या विरोधकांसमोर नऊपैकी सात गुण, असा साधारण हिशेब बसतो. असं तीनदा. त्याखाली इंटरनॅशनल मास्टर, २४०० आणि तीन नॉर्म. फिडे मास्टरला नॉर्म लागत नाहीत, २३०० झालं की पुरे.

यातली “वेगवेगळ्या देशांचे” ही अट वाचायला किरकोळ वाटते. पण भारतीय बुद्धिबळाची पंचवीस-तीस वर्षं या एका ओळीत अडकली. मॅन्युएल ऍरन नऊ वेळा राष्ट्रीय विजेते झाले. १९६१ मध्ये ते भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर. १९६२ च्या स्टॉकहोममधल्या स्पर्धेत त्यांनी पोर्टिश आणि उल्मान या दोन जबर युरोपीय खेळाडूंना हरवलं होतं. तरी ते ग्रँडमास्टर झाले नाहीत. कारण ग्रँडमास्टरांशी खेळायचं तर युरोपात जायचं, आणि तेव्हा परदेशी चलन मिळवणं हीच वेगळी स्पर्धा होती. देशात तर ग्रँडमास्टर एकही नव्हता. पहिला झाला १९८८ मध्ये, विश्वनाथन आनंद, तेही आधी राष्ट्रीय विजेता होऊन. दुसरे दिब्येंदु बरुआ, १९९१. तिसरे मुंबईचे प्रवीण ठिपसे, थेट १९९७. त्यानंतर धरणाचं दार उघडावं तसं झालं. स्पर्धा भारतातच व्हायला लागल्या, ग्रँडमास्टर विमानाने इकडे यायला लागले. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्याला परदेशी खेळाडूंच्या अटीत सूटही आहे, पण तिन्ही नॉर्म त्या सवलतीवर काढता येत नाहीत.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं, कारण महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली वीस-पंचवीस वर्षं बरीचशी मराठीत लिहिलेली आहेत. १९७४ ची पहिली विजेती वासंती खाडिलकर. मग बहिणी जयश्री आणि रोहिणी. पहिल्या दहा वर्षांची सगळी विजेतेपदं या एका घरात. रोहिणीने पाच वेळा ती जिंकली आणि १९७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, ती थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पुरुष खेळाडूंनी तक्रार केली. प्रकरण फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि माजी जगज्जेते मॅक्स ऑयवे यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी निकाल दिला की स्त्रियांना खुल्या स्पर्धेतून वगळता येणार नाही. आज माझी भाची पुण्यात पंधरा वर्षांच्या मुलासमोर बसते आणि कोणी भुवईही उंचावत नाही, ते या तेरा वर्षांच्या मुलीमुळे. पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा आणि अनुपमा गोखले पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. अनुपमाला १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

आणि मग नागपूरची दिव्या देशमुख. नागपूर आमच्याच रेल्वेलाइनवर, म्हणून आमचा थोडा हक्क. २०२२ ला ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली. पण ग्रँडमास्टर? तिच्याकडे २०२५ च्या जुलैपर्यंत एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. त्या महिन्यात जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिने भारताच्याच कोनेरू हंपीला जलद डावांत हरवलं. फिडेचा नियम असा की काही निवडक स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट किताब मिळतो. म्हणजे नॉर्मच्या तीन पायऱ्या न चढता ती एकदम गच्चीवर. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. टीव्हीवर तेव्हा सांगत होते की तिने सगळे नॉर्म पूर्ण केले. केले नव्हते, आणि तेच तर विशेष होतं.

मग राष्ट्रीय विजेतेपदाचं पोराला मिळतं काय? वयोगटांत सरळ फायदा आहे. तिथे वर आलेले आशियाई आणि जागतिक वयोगट स्पर्धांत भारताचे अधिकृत खेळाडू म्हणून जातात. आपले गट विषम असतात, ७, ९, ११, १३, आणि जगाचे सम, ८, १०, १२. कारण यंदा ११ वर्षांखालचा जिंकलेला पुढच्या वर्षी १२ खालच्यात खेळतो. वय १ जानेवारीला मोजतात, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं पोरगं आयुष्यभर अकरा महिने मागे. आमच्या वडिलांच्या पिढीत निम्म्या खानदेशाचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून होता. तेव्हा वयोगट स्पर्धा असत्या तर मजा आली असती.

राष्ट्रीय पातळीपर्यंतची वाट जिल्हा, मग राज्य निवड, मग राष्ट्रीय अशी जाते. पूर्वी शेवटचा टप्पा म्हणजे आठवडाभर कुठेतरी लांब, दोन-तीन गाड्या बदलत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ११ वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा जळगावला जैन हिल्सवर झाली तेव्हा देशभरातली पोरं इथे आली होती, आणि शेवभाजीच्या तिखटाने त्यांच्या आया घाबरल्या असतील. घरापासून तासाभरावर असा हॉल पाहणं याची किंमत कुठल्या रेटिंगमध्ये धरत नाहीत.

मोठं झाल्यावर प्रश्न पोटाचा. बुद्धिबळाच्या बक्षिसांवर घर चालवणारे भारतात मोजके. बाकीच्यांना नोकरी धरते. रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्यांचे संघ हे वर्षानुवर्षं मोठे आसरे. हंपी ओएनजीसीत आहे. आमच्या भुसावळात रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. खेळाडू कोट्यातून लागलेल्याकडे इथे जरा जास्तच आदराने बघतात. त्या कोट्यात राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र बोलतं, रेटिंग नाही. म्हणून एखाद्याचं रेटिंग २१०० ला येऊन थांबलं असलं तरी त्याची कारकीर्द फुकट गेली असं समजू नये.

भाचीची पुढची स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत आहे. परवा यादी लागली. दोनशे नावं, तिचा नंबर १४३. म्हणजे पहिल्या फेरीत ४३ व्या नंबरशी गाठ, त्याचं रेटिंग १९७०. ती जमिनीवर पट मांडून त्याचे जुने डाव शोधत बसली होती. आजीने शेंगा निवडता निवडता विचारलं, “तो कितला मोठा शे?” भाचीने सांगितलं, पाचशेनं. मग तिने स्वतःच हिशेब करून दाखवला. चारशेच्या वरचा फरक चारशेच धरतात. हरले तर तीन जातील, जिंकले तर सदतीस येतील.

आजीने शेंग मोडली. म्हणाली, “मंग खेय ना.”